छत्र्यांची खोली

३ जानेवारी, मंगळवार

आज संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गाव त्यांना हेडमास्तरच म्हणतं आणि त्यांच्या समोर आपोआप ताठ उभं राहतं. मी इथल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे, माझ्यासमोर कोणी तसं उभं राहत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

खुर्चीच्या टोकावर बसले आणि एका दमात सांगून मोकळे झाले. हृदयाची झडप खराब झाली आहे. मार्चच्या मध्यावर ऑपरेशन. "त्याच्या आधी मला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला हवाय, पाळकसाहेब. काय करावं लागेल ते सांगा."

काय करावं लागेल हा प्रश्न सोपा नाही. मी इथे पाळक म्हणून येण्याआधी शाळेवर नवे चालक आले होते. त्यांनी आपल्यातल्या शिक्षकांपुढे एक कागद ठेवला. त्या मंडळीशी माझा काही संबंध नाही, असं लिहून सही करायची. हेडमास्तरांनी सही केली, खुर्ची राखली आणि त्या दिवसापासून चर्चची पायरी चढले नाहीत. ड्रॉइंगबाईंनी सही केली नाही आणि त्यांची नोकरी गेली. आता ते चालकही गेले आणि तो कागदही कोणी विचारत नाही, पण मंडळी विसरलेली नाही.

ही चहा घेऊन आली तेव्हा हेडमास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. जुन्या वळणाचा शिष्टाचार. मी वरच्या शिक्षणासाठी बाहेरगावी होतो ती तीन वर्षं ही त्यांच्याच हाताखाली प्राथमिक विभागात शिकवत होती आणि आमचं घर त्या पगारावर चाललं होतं. हिच्यापुढे मात्र तो कागद आला नाही. तो फक्त जुन्या लोकांसाठी होता, असं हिनेच तेव्हा सांगितलं होतं. मी परत आलो आणि हिने नोकरी सोडली. तिथे मन रमलं नाही म्हणाली.

दोघं जुनी ओळखीची, म्हणून गप्पा होतील असं मला वाटलं होतं. हिने कप ठेवले आणि आत गेली.

खरं सांगायचं तर मी मनातून खूश आहे. माझा सगळा अभ्यास आद्य पित्यांवर, म्हणजे पहिल्या काही शतकांतल्या चर्चच्या धर्मगुरूंवर. छळाच्या काळात घाबरून ज्यांनी श्रद्धा नाकारली त्यांना मंडळीने परत कसं घ्यावं, याच विषयावर माझा प्रबंध आहे. तेव्हाही असेच कागद होते, सही करून जीव वाचवायचे. इतकी वर्षं ज्या माणसाबद्दल मी वाचत आलो तो आज माझ्या खुर्चीत बसून चहा पीत होता.

५ जानेवारी, गुरुवार

वडीलजनांची, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांची सभा. वकीलसाहेबांचं म्हणणं, चार लोकांसमोर माफी मागावी आणि विषय संपवावा. दुसऱ्या एकाचं म्हणणं, माफी कसली, ड्रॉइंगबाईंना काय वाटेल याचा कोणी विचार करणार की नाही? अर्धा तास या बाईंच्या नावाने भांडण चाललं. बाई अर्थातच सभेत नव्हत्या.

मग मी माझा मुद्दा मांडला. आद्य पित्यांच्या काळात अशा माणसाला झिडकारत नसत आणि लगेच पोटाशीही धरत नसत. त्याला चार जागांमधून आत आणत. पहिली जागा रडणाऱ्यांची, दाराबाहेर. दुसरी ऐकणाऱ्यांची, दाराच्या आत, पण प्रवचन संपलं की निघायचं. तिसरी गुडघे टेकणाऱ्यांची. चौथी उभं राहणाऱ्यांची, सगळ्यांबरोबर पण प्रभुभोजनाशिवाय. आणि मग भोजन. ही शिक्षा नव्हे, उपचार आहे. मंडळी हा दवाखाना, पाप हा आजार, असंच ते पिते मानत. कोणी तर या चार जागांत वर्षंच्या वर्षं काढत.

वकीलसाहेबांना ही कल्पना फारच आवडली. त्यांना पायऱ्या असलेली कुठलीही गोष्ट आवडते. प्रत्येक जागेला दोन रविवार ठरले. आठ रविवारांचं गणित मांडलं तर पाच मार्चच्या प्रभुभोजनाला हेडमास्तर मेजापाशी येतात आणि त्यानंतर ऑपरेशन. माझं वेळापत्रक इतकं चपखल बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

जेवताना हिला सगळं समजावून सांगितलं. हिने विचारलं, "आणि ज्याचं कोणाला कळलंच नाही, त्याने कुठे उभं राहायचं?"

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, पित्यांचं मत असं की झाकलेली जखम वैद्याला बरी करता येत नाही, ती आधी दाखवावी लागते. यावर तीन वेगवेगळे प्रवाह आहेत. मी दुसऱ्या प्रवाहापर्यंत आलो तेव्हा हिने ताटं उचलली.

८ जानेवारी, रविवार

पहिला रविवार. बाहेर बोचरी थंडी. हेडमास्तर वेळेच्या आधी येऊन दाराबाहेरच्या पायरीवर उभे होते, कोट, मफलर, हातात काठी. 'रडणाऱ्यांची जागा' हे नाव त्यांना शोभत नाही. शाळेच्या फाटकात उशिरा येणाऱ्यांची वाट बघत उभे असावेत तसे दिसत होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता दोन मुलांचा बाप, त्यांना पाहताच तोंडातलं काहीतरी गिळून मोकळा झाला. दुसऱ्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

ड्रॉइंगबाई त्यांच्या शेजारून गेल्या. मान वळवली नाही. दोघांची नोकरी एका शाळेत, एका कागदाने एकाची राहिली आणि एकीची गेली. आज त्यांच्यामध्ये एक काठीचं अंतर होतं. मी वेदीपाशी उभा राहून हे पाहिलं आणि माझा विचार किती योग्य होता याची खात्री पटली.

ही नेहमीप्रमाणे छत्र्यांच्या खोलीत होती. मुख्य दाराच्या आत एक अरुंद खोली आहे, तिथे लोक छत्र्या टांगतात. तान्ह्या मुलांना घेऊन ही तिथे बसते, म्हणजे रडारड आत येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हा भाकर आणि प्याले हीच तयार करते, मेजावर मांडते आणि पुन्हा तिथे जाऊन बसते. इतकी वर्षं एकही रविवार चुकवलेला नाही. पाळकाला अशी बायको मिळणं हे भाग्यच.

११ जानेवारी, बुधवार

ड्रॉइंगबाईंकडे गेलो. सभेत सगळे त्यांच्या वतीने बोलतात, तेव्हा एकदा प्रत्यक्ष विचारलेलं बरं. बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या मुलांची चित्रं वाळत घातली होती. टर्पेंटाइनचा वास. बाईंनी मला एका स्टुलावर बसवलं. त्यावर निळा रंग होता हे मला घरी आल्यावर कळलं.

मी म्हणालो, "तुमच्या मनाला समाधान वाटेल अशा रीतीनेच सगळं चाललंय."

"माझ्या समाधानासाठी त्या माणसाला थंडीत उभं केलंत?"

"तुम्हाला राग नाही?"

"आहे ना. चांगला आहे. पण सही केली म्हणून नाही. त्यांच्या घरात तेव्हा आजारी बायको होती, मी एकटी होते. मला नाही म्हणणं परवडलं." बाई ब्रश पुसत राहिल्या. "माझी नोकरी गेल्यावर रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जायचे. त्याचा राग आहे. एकदा येऊन चहा प्यायले असते तर संपलं असतं."

मी त्यांना सांगितलं की जुन्या काळी त्यांच्यासारख्यांना, ज्यांनी छळ सोसला पण श्रद्धा नाकारली नाही, फार मोठा मान होता. पडलेल्या माणसाला शांती द्या, असं त्यांनी म्हटलं की काही मंडळ्या त्याला लगेच परत घेत. काही बिशपांना मात्र ते मान्य नव्हतं, कारण असं ज्याने त्याने माफ करायला सुरुवात केली तर शिस्त राहणार नाही. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी बिशपांची बाजू घेतली आहे.

"म्हणजे माझ्याकडे अधिकार होता आणि तुम्ही तो काढून घेतलात."

"प्रबंधात."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

१५ जानेवारी, रविवार

दुसरा रविवार आणि पहिली कटकट. उपासना सुरू झाली तेव्हा पायरीवर हेडमास्तरांशिवाय आणखी पाचसहा जण होते. पोस्टमनचं म्हणणं, बाकावर बसलं की गुडघा धरतो. त्याच्या बायकोचं म्हणणं, आत गार लागतं. बाहेर जास्त गार होतं, पण बायकांशी वाद घालू नये. बटणवाला विद्यार्थी बाहेर होता, त्याने कारणही दिलं नाही. नुसता म्हणाला, "असू दे, साहेब. मी बरा इथे."

प्रवचन चांगलं झालं असं मला वाटतं. आद्य पित्यांचा एक गाभ्याचा विचार मांडला: देवाने माणसाचं जे स्वतःवर घेतलं तेवढंच बरं झालं, जे घेतलं नाही ते आजारीच राहिलं असतं. म्हणून त्याने काही सोडलं नाही. भूक, थकवा, भीती, मरण, सगळं घेतलं. वरून उपचार सांगितला नाही, आपल्या जागी येऊन उभा राहिला.

नंतर हेडमास्तरांना विचारलं, ऐकू आलं का. "आवाज पायरीपर्यंत पोचत नाही. 'सगळं घेतलं' एवढं कळलं. काय घेतलं आणि कोणी, ते नाही." वर्गात मागच्या बाकावर ऐकू यायला हवं, म्हणून आवाज कसा टाकावा हे त्यांनी मला करून दाखवलं. पश्चात्ताप करणाऱ्याने पाळकाला शिकवणं कोणत्या जागेत बसतं, हे मला कुठे वाचल्याचं आठवत नाही.

२२ जानेवारी, रविवार

आज हेडमास्तरांना पुढच्या जागेत घ्यायचं होतं. ऐकणाऱ्यांची जागा, म्हणजे आमच्याकडे छत्र्यांची खोली. मी स्वतः दार उघडलं आणि त्यांना आत यायला सांगितलं. ही तिथे एका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. हेडमास्तर आत आले आणि ही लगेच उठली. आपली खुर्ची त्यांना दिली, बाळ त्याच्या आईकडे दिलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. खोली अरुंद आहे हे खरं, पण दोन खुर्च्या मावल्या असत्या.

हेडमास्तर तिला "बाई, नको" असं काहीतरी म्हणाले. ती थांबली नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. ज्यांच्यासाठी लोक बाहेर उभे होते ते हेडमास्तर तर आत आले. आता बाहेरच्यांनी आत यायला हरकत नव्हती. कोणी आलं नाही. उलट वाढले. बाक अर्धे रिकामे. पहिल्या रांगेत वकीलसाहेब एकटे, कानात यंत्र, मोठ्या आवाजात गीत गात होते. नंतर मला म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या पित्यांच्या काळी अशी गर्दी बाहेर व्हायची का?"

मी म्हणालो, याबद्दल नोंद नाही.

घरी हिला विचारलं, तू बाहेर का गेलीस? म्हणाली, "ऊन बरं वाटतं." मी म्हणालो, ऊन तर पलीकडच्या बाजूला होतं.  हल्ली हिचं लक्षण ठीक दिसत नाही. घास घेते आणि विसरते.

२४ जानेवारी, मंगळवार

सगळं गणित विस्कटलं. डॉक्टरांनी हेडमास्तरांना पुन्हा तपासलं आणि ऑपरेशन मार्चपर्यंत थांबवता येणार नाही म्हणाले. दोन फेब्रुवारी ठरली. प्रभुभोजनाचा रविवार पाच फेब्रुवारी. म्हणजे आधी ऑपरेशन.

पित्यांच्या काळचा नियम स्पष्ट आहे: मरणाच्या दारात असलेल्याला जागा मोजत बसू नये, भोजन द्यावं. पण ऑपरेशन म्हणजे मरणाचं दार का? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "धोका आहे. नसता तर मी सांगितलं असतं." मला यापेक्षा नेमकं उत्तर हवं होतं. वकीलसाहेबांना विचारलं. त्यांनी तोडगा काढला: खरा पश्चात्ताप झाला असेल तर आणखी कोणी कोणी सह्या केल्या त्यांची नावं हेडमास्तरांनी सांगावीत, मग लवकर घेऊ. सह्या हेडमास्तरच गोळा करत होते, त्यांना सगळं ठाऊक असणार.

मला ते फारसं पटलं नाही, पण वाट दुसरी दिसेना. हेडमास्तर संध्याकाळी आले तेव्हा विचारलं. ही स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत उभी होती.

हेडमास्तरांनी काठी हातात घेतली. "मी माझ्यापुरतं बोलायला आलोय, पाळकसाहेब."

"नावं सांगितलीत तर येत्या रविवारीही घेता येईल."

"मग नका घेऊ." उठले, कोट घातला. दारात वळून म्हणाले, "मी जगलो तर पुन्हा पायरीपासून सुरू करू. मला घाई होती ती मरणाची होती. या सौद्याची नाही."

हट्टी माणूस. मला राग आला आणि राग जिरल्यावर वाईट वाटलं. हा माणूस उपाशी जाईल आणि दार मीच लावलेलं असेल. आत येऊन पाहिलं तर ही तेच ताट पुसत होती.

२७ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस ही माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तिला बरं वाटावं म्हणून एक राहून गेलेलं काम आज केलं. लग्नात मी तिला क्रूस असलेली एक बारीक साखळी दिली होती. मी बाहेरगावाहून शिकून परतलो तेव्हापासून ती डबीत पडून आहे. कडी नीट लागत नाही, गळून पडेल, असं ही म्हणायची. सोनाराकडे नेऊ म्हणता म्हणता राहिलंच. आज तिला न सांगता घेऊन गेलो.

सोनाराने भिंग लावून पाहिली. कडी लावली, काढली, ओढून पाहिली. मग मला परत दिली. "हिला काय झालंय?"

"लागत नाही."

"लागते की. नव्यासारखी आहे. वापरलेलीच नाही फारशी."

म्हातारा आहे, नजर कमी झाली असेल, असं मनात म्हणत घरी आलो. दार लावून स्वतः करून पाहिलं. माझ्या जाड बोटांनीही कडी लागते. दर वेळी लागते.

२८ जानेवारी, शनिवार

प्रवचनाची तयारी झाली नाही.

सकाळपासून एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतो आहे. प्रभुभोजनाला लोक माझ्यासमोर रांगेने येतात. कोणाचे हात कसे आहेत हे मला माहीत आहे. पोस्टमन डावा हात पुढे करतो. ड्रॉइंगबाईंच्या नखात रंग असतो. वकीलसाहेब भाकरीचा तुकडा मोठा आहे का पाहतात. हिचे हात मला आठवत नाहीत. सगळं आवरल्यावर उरलेल्यातून घेत असेल, असं मी धरून चाललो होतो. घेताना मी तिला कधी पाहिलं नाही.

ही मेज मांडते आणि छत्र्यांच्या खोलीत जाऊन बसते. दाराच्या आत, भोजनाच्या बाहेर. त्या जागेचं नाव काय, तिथे कोण उभं राहत असे, यावर मी पन्नास पानं लिहिली आहेत. ती पानं लिहिता यावीत म्हणून घर कोणाच्या पगारावर चाललं होतं, हेही मला माहीत आहे.

आणि हेडमास्तरांनी कोणाचं नाव सांगितलं नाही, तेही आता कळलं. आज अन्न गेलं नाही. हिने विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, नाही.

२९ जानेवारी, रविवार

सकाळी हिला म्हणालो, "आज भाकर आणि प्याले लागतील."

"आज? आज कुठे पहिला रविवार आहे?"

"लागतील."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पीठ काढलं.

उपासनेला बाक जवळजवळ रिकामे. हेडमास्तर आलेच नव्हते, असं मला आधी वाटलं. ते पुन्हा बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले होते, स्वतःहून. सगळेच बाहेर. ही भाकर मांडून तिकडेच गेली होती. मी पहिलं गीत म्हटलं, प्रार्थना म्हटली आणि प्रवचनाऐवजी ताट आणि प्याला उचलून चालायला लागलो. वकीलसाहेबांनी विचारलं, "कुठे निघालात?" मी म्हणालो, बाहेर. त्यांना ऐकू गेलं नसावं.

पायरीवर लोकांनी वाट दिली. मी हेडमास्तरांसमोर उभा राहिलो आणि भाकर पुढे केली. त्यांचे हात थंडीने लाल झाले होते. त्यांनी ते पुढे केले नाहीत.

"आधी बाईंना द्या," ते हळूच म्हणाले. "पेन माझं होतं."

ही दोन पावलांवर होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मग मला म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, जसं घरी म्हणते, "मी नंतर घेते."

"मी थांबतो," मी म्हणालो.

मी थांबलो.   हिने पदराला हात पुसले आणि पुढे केले. हिचे हात मी पहिल्यांदाच त्या जागी पाहिले. तर्जनीला भाजल्याचा जुना डाग आहे. तिने भाकर घेतली आणि तिथेच रडू लागली, आणि मला उगाच वाटलं की या पायरीला आता कुठे 'रडणाऱ्यांची जागा' हे नाव शोभलं. मग हेडमास्तरांनी घेतली. मग पोस्टमनने, त्याच्या बायकोने, बटणवाल्या विद्यार्थ्याने. एकेकाचा चेहरा पाहताना कळत गेलं की यातल्या कोणालाच गुडघा, थंडी वगैरे काही नव्हतं. कोणी कुठे काय नाकारलं आहे, ते मी विचारलं नाही. नोकरीत, भाड्याची खोली मिळवताना, सोयरीक जुळवताना, कुठेही असेल.

सगळ्यांना देऊन झालं आणि मी ताट धरून तसाच उभा राहिलो. आत जाऊन मेजापाशी स्वतः घ्यायचं, ही रीत. पण मी ज्या जागेवर उभा होतो तिथल्या माणसाने स्वतःच्या हाताने घ्यायचं नसतं. गेले तीन रविवार मी आत उभा होतो, पण खरी माझी जागा तीच होती.

ड्रॉइंगबाई गर्दीतून पुढे आल्या. माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. हेडमास्तरांना म्हणाल्या, "उद्या चहाला या. रस्ता ओलांडू नका." मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. बाईंनी हे करणं चूक आहे, हे मी तिसऱ्या प्रकरणात पुराव्यानिशी सिद्ध केलं आहे. मी हात पुढे केले.

वकीलसाहेब दारात येऊन उभे होते. "आत कोणीच नाही," म्हणाले. "मी गीत कोणासाठी म्हणू?" बाईंनी त्यांनाही दिलं. तुकडा मोठा होता.

दुपारी घरी आम्ही दोघं बराच वेळ बोललो. कागद तिच्यापुढे ठेवला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. सही केली नसती तर मला शिक्षण सोडून परत यावं लागलं असतं. "तुमचं आद्य पित्यांवरचं काम अर्धवट राहिलं असतं," ती म्हणाली. हेडमास्तरांनी पेन पुढे केलं आणि वर पाहिलं नाही. मी परतलो त्या दिवशी तिने साखळी काढून डबीत ठेवली, आणि पुढे भोजनालाही आली नाही.

मी विचारलं, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही समजावून सांगायचात."



३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल हेडमास्तरांचं ऑपरेशन झालं. आज डॉक्टरांनी भेटू दिलं. शुद्धीवर आहेत, आवाज खोल गेला आहे. मला पाहून म्हणाले, "रविवारचं ऐकू आलं. मागच्या बाकापर्यंत."

"रविवारी मी बोललोच नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय."

पलीकडच्या खुर्चीवर ड्रॉइंगबाई होत्या. त्यांनी चहाचा थर्मास आणला होता, रुग्णाला द्यायला परवानगी नाही म्हणून स्वतःच पीत होत्या.

सकाळी घरून निघताना ही आरशासमोर उभी होती. डबी उघडी. साखळी मानेमागे नेली, कडी शोधत राहिली, सवय नव्हती. शेवटी माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "अहो, जरा लावून द्या. लागत नाहीये."

मी लावून दिली. माझ्या जाड बोटांनी वेळ लागला.